कामाचा दाम आणि रिकाम्या दिवसाची भाकरी

(डिसेंबर २०२१ मध्ये नागापूर येथील मंडळीत आपल्या संस्थेच्या सहाय्यकांचा मेळावा झाला. त्या वेळी आदिवासी विभागाच्या कार्यकर्त्याने केलेले हे भाषण. अनेक सहाय्यकांनी मागणी केल्यावरून ते येथे देत आहोत.)



दोन वर्षांनी आपण असे एकत्र बसलो आहोत. मागच्या मेळाव्याला ज्या खुर्च्यांवर जी माणसे होती, त्यांतली काही आज नाहीत. त्यांची आठवण मनात ठेवूनच मी बोलायला उभा आहे. आज डोंगराकडच्या कामाचा नेहमीचा अहवाल मी वाचणार नाही. तो छापून आपल्या हाती दिलेला आहे. मला एका वादाबद्दल बोलायचे आहे.

तीन महिन्यांपूर्वी सहाय्यकांच्या बैठकीत प्रश्न निघाला की, महामारीत ज्यांचे काम गेले त्यांना बेकारभत्ता मिळावा आणि काम करणाऱ्याला किमान वेतन मिळावे, यासाठी आपल्या संस्थेने काही करावे का? त्यावर दोन बंधू उभे राहिले. एक म्हणाले, "फुकट द्यायची सवय लावली की माणूस हात हलवत नाही. धान्य द्या, औषध द्या, पण बसून पैसे नकोत." दुसऱ्यांचे इथेच एमआयडीसीत छोटे वर्कशॉप आहे. ते म्हणाले, "ऑर्डर नाही, बँकेचा हप्ता थांबत नाही, लाईटबिल थांबत नाही. आणि तुम्ही म्हणता किमान वेतन द्या. ते मी आणू कुठून?"

हे दोघेही कठोर मनाचे नाहीत. लॉकडाऊनमध्ये धान्याच्या किटसाठी सर्वांत आधी या दोघांचे पैसे आले होते, हे मला माहीत आहे. म्हणूनच त्यांना उत्तर देणे मला आवश्यक वाटते. त्या दिवशी मी गप्प बसलो. का गप्प बसलो, ते शेवटी सांगतो.

बाजारात उभी असलेली माणसे

आपल्या जिल्ह्यात अकोले तालुक्यातले ठाकर आणि महादेव कोळी बांधव भाताची कापणी झाली की डोंगर उतरतात. घरात चार महिने पुरेल एवढेच भात असते. मग कोणी संगमनेरकडे, कोणी नाशिककडे द्राक्षाच्या बागेत, आणि पुष्कळजण पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावला जातात. नारायणगावला पहाटे मजुरांचा बाजार भरतो. बायामाणसे, गडी, कडेवर पोर, हातात भाकरीचे फडके, अशी रस्त्याच्या कडेला उभी राहतात. शेतकरी गाडी घेऊन येतो, रोज ठरतो, माणसे गाडीत चढतात. उन्हे वर येईपर्यंत ज्यांना कोणी नेले नाही, ती तशीच उभी राहतात.

मार्च २०२० मध्ये एका रात्रीत तो बाजार बंद झाला. माणसे तिथेच होती, हात तेच होते, कामाची इच्छा तीच होती. न्यायला येणारी गाडी तेवढी येईना. ऊसतोडीच्या टोळ्यांचे तेच झाले. कारखान्यांच्या आवारात आणि फडावर त्या अडकून पडल्या. त्यांना आपापल्या गावी सोडण्याचा निर्णय सरकारने १७ एप्रिलला केला, तोवर तीन आठवडे उलटून गेले होते.

द्राक्षमळ्याच्या धन्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकला आहे. तो धनी दिवस मावळायला तासभर उरला असताना पुन्हा बाजारात जातो आणि तिथे उभ्या माणसांना विचारतो की, तुम्ही दिवसभर रिकामे का उभे आहात? ते सांगतात की आम्हांला कोणी कामावर लावलेच नाही. मला त्या दाखल्यात एक गोष्ट फार मोलाची वाटते. धनी त्यांचे खरे मानतो. तुम्ही आळशी असाल, झोपून राहिला असाल, असे तो म्हणत नाही. आणि संध्याकाळी त्यांना पूर्ण दिवसाची मजुरी देतो, कारण तास एकच भरला तरी घरी खाणारी तोंडे दिवसभराचीच असतात.

काम न करणाऱ्याने खाऊही नये, असे पौलाने लिहिले आहे, हे त्या बैठकीत एका वडिलांनी सांगितले. पण पौल ज्याची काम करण्याची इच्छाच नाही, त्याच्याबद्दल बोलतो. ज्याला काम मिळत नाही, त्याच्याबद्दल नाही. या दोन माणसांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. आपला सगळा वाद या दोघांना एकच समजण्यातून होतो.

फुकट मिळाले की माणूस आळशी होतो का?

हा प्रश्न अंदाजाने सोडवायची गरज नाही. २०२० सालाने त्याची परीक्षाच घेतली.

त्या वर्षी एप्रिलपासून रेशनवर माणशी पाच किलो धान्य फुकट मिळत होते. जनधन खाते असलेल्या स्त्रियांना तीन महिने पाचशे-पाचशे रुपये आले. आळस यायचाच असता, तर त्याच वर्षी यायला हवा होता. झाले काय? देशात रोजगार हमीच्या कामावर आदल्या वर्षी साधारण साडेपाच कोटी कुटुंबे होती. २०२०-२१ मध्ये ती साडेसात कोटींवर गेली. केंद्र सरकारने आधी ठेवलेले ६१,५०० कोटी रुपये पुरेनात, म्हणून मे महिन्यात आणखी ४०,००० कोटी द्यावे लागले. मे-जूनच्या उन्हात बांधबंदिस्ती, शेततळी, वृक्षलागवडीचे खड्डे, अशा कामांवर ही माणसे आली. महाराष्ट्रात त्या वर्षी त्या कामाचा रोज होता २३८ रुपये. घरात फुकटचे धान्य असताना २३८ रुपयांसाठी कुदळ उचलणाऱ्याला आळशी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

हाच वाद तिकडे अमेरिकेतही झाला. तिथे महामारीत काम गेलेल्यांना नेहमीच्या भत्त्यावर आठवड्याला ६०० डॉलर जास्त दिले गेले. आठवड्याचे चाळीस तास धरले तर ते तासाला १५ डॉलर होतात. तिथले राष्ट्रीय किमान वेतन तासाला सव्वासात डॉलर, आणि तेही २००९ पासून वाढलेले नाही. साहजिकच लोक म्हणू लागले की, घरी बसून दुप्पट मिळते तर कामावर कोण येईल? पुढे ती जादा रक्कम आधी बंद झाली, मग कमी होऊन परत आली. २०२१ च्या जूनपासून जवळजवळ निम्म्या राज्यांनी ती मुदतीआधीच थांबवली. पण त्या राज्यांत कामावर परतणाऱ्यांची संख्या फार थोडीच वाढली, असे अभ्यासकांना दिसले. भत्ता मोठा वाटत होता, कारण वेतन लहान होते. आपल्याकडे तर ना भत्ता मोठा, ना वेतन.

नगरने हे आधी पाहिले आहे

आपल्या मंडळीच्या मागून, नगरहून मनमाडकडे जाणारा लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला. त्याच्या मातीकामावर त्या वेळच्या मोठ्या दुष्काळातली माणसे राबली आहेत. त्याच दुष्काळात सर रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याने ठरवले की, सरकारी कामावरच्या गड्याला दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा, एवढी मजुरी पुरे. एक पौंड म्हणजे अर्धा किलोही नाही. दिवसभर खडी फोडणाऱ्याचे त्यात पोट भरेना. मुंबई इलाख्यात हजारो मजूर ते काम सोडून निघून गेले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. म्हणजे "जीव जगेल एवढेच द्यावे की घर चालेल एवढे द्यावे", हा वाद आपल्या मुलखात दीडशे वर्षे चालू आहे.

मग १९७२ चा दुष्काळ आला. इथे बसलेल्या आजी-आजोबांपैकी कितीतरी जण त्या वेळी खडी फोडायला आणि नाला-बांधावर गेलेले असतील. त्या वेळी 'मागेल त्याला काम' ही गोष्ट महाराष्ट्राने देशाला शिकवली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या विसापूर भागात तिचा प्रयोग करून पाहिला होता. दुष्काळात ती राज्यभर उपयोगी पडली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला.

या योजनेचे पैसे कुठून आले, हे पुष्कळांना माहीत नसते. नोकरी करणाऱ्यांनी आपले पगारपत्रक काढून पाहावे. 'व्यवसाय कर' म्हणून महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये कापलेले दिसतील. हा कर १९७५ साली रोजगार हमीसाठीच बसवला गेला. शहरातल्या पगारदाराने आपल्या पगारातला वाटा गावातल्या बिनकामाच्या माणसाला द्यायचा, आणि सरकारने तेवढीच भर घालायची, असा तो करार होता. म्हणजे नागापूरच्या कारखान्यात पगार घेणारा प्रत्येकजण अकोल्याच्या मजुराशी आधीपासूनच बांधलेला आहे. दान तर आपण नंतर देतो.

बेकारभत्ता म्हणजे काय?

आता त्या पहिल्या बंधूंच्या प्रश्नाकडे येतो. बेकारभत्ता म्हणजे बसून पैसे, असे आपण समजतो. आपल्या कायद्यात त्याचा अर्थ वेगळा आहे.

राज्याच्या जुन्या कायद्यातच लिहिले होते की, काम मागितल्यावर पंधरा दिवसांत ते दिले नाही तर भत्ता द्यावा. तो होता दिवसाला निदान एक रुपया. पुढे २००५ साली देशाचा कायदा झाला आणि २००६ च्या फेब्रुवारीत तो सुरू झाला तेव्हा पहिल्या दोनशे जिल्ह्यांत आपला जिल्हा होता. त्यातही तेच आहे. मजुराने कामाचा अर्ज द्यायचा. पंधरा दिवसांत काम मिळाले नाही, तर पहिले तीस दिवस मजुरीच्या किमान पाव हिस्सा आणि त्यापुढे किमान निम्मा हिस्सा भत्ता म्हणून मिळायला हवा.

हिशेब करून पाहू. २०२१-२२ मध्ये महाराष्ट्रात रोज २४८ रुपये होता. त्याचा पाव हिस्सा ६२ रुपये. तीस दिवसांचे झाले १,८६०. निम्मा हिस्सा १२४ रुपये. उरलेल्या सत्तर दिवसांचे झाले ८,६८०. शंभर दिवस काम मागूनही एकही दिवस न मिळालेल्या कुटुंबाला वर्षाला किमान १०,५४० रुपये मिळायला हवेत. आणि ही रक्कम राज्याने स्वतःच्या खिशातून द्यायची आहे. त्या कायद्यात मजुरीचे पैसे केंद्राचे, भत्ता राज्याचा. हे मुद्दाम असे ठेवले आहे. काम दिले तर राज्याचे पैसे वाचतात, नाही दिले तर खिशाला चाट बसते. म्हणून मी म्हणतो की, हा भत्ता आळशाचे बक्षीस नाही, तो काम न देणाऱ्याला दंड आहे.

मग आमच्या पाड्यांवर हा भत्ता कोणाला मिळालेला का दिसत नाही? सगळे एका कागदावर अडते. कामाची मागणी 'नमुना चार' वर करायची असते, एका वेळी निदान चौदा दिवसांच्या कामाची. आणि अर्जाची तारीख टाकलेली पोच घ्यायची असते. त्या तारखेपासून पंधरा दिवस मोजायचे. पोच नाही तर तारीख नाही. तारीख नाही तर पंधरा दिवस कधी सुरूच होत नाहीत. आमच्या बाया ग्रामपंचायतीत जाऊन तोंडी सांगून येतात, "काम काढा की हो." समोरचा म्हणतो, "बघू, मंजुरी आली की कळवतो." बाई घरी येते, वाट पाहते आणि चौथ्या दिवशी नारायणगावची गाडी धरते. कागदावर तिने काम मागितलेलेच नसते. मग सरकारदरबारी असे दिसते की या पाड्यावर कामाची मागणीच नाही.

खावटीचे उदाहरणही आपल्यासमोर आहे. पावसाळ्यात आदिवासींच्या घरी धान्य संपते तेव्हा पूर्वी ती कर्ज म्हणून मिळायची आणि २०१३ नंतर बंद पडली होती. महामारीमुळे सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने ती पूर्ण अनुदान म्हणून पुन्हा सुरू केली. कुटुंबाला चार हजार रुपये, त्यांतले दोन हजार बँकेत आणि दोन हजारांचे धान्य-किराणा, असे साडेअकरा लाख कुटुंबांसाठी. निर्णय चांगला होता, आणि त्याबद्दल आभार मानलेच पाहिजेत. पण बहुतेक घरांत ते पोचायला २०२१ साल उजाडले. भूक २०२० च्या उन्हाळ्यातली, आणि मदत पुढच्या वर्षाची. देणाऱ्याच्या मनावर असलेली मदत अशी उशिरा येते. हक्काच्या मदतीला तारीख असते, म्हणून ती मागता येते.

किमान वेतन आणि छोटा मालक

आता वर्कशॉपवाल्या बंधूंचा प्रश्न. तो जास्त अवघड आहे, आणि त्याचे उत्तर माझ्याकडे अर्धेच आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते सांगतो. १९४८ साली किमान वेतनाचा कायदा झाला. राजस्थानात दुष्काळी कामावरच्या मजुरांना त्याहून कमी मजुरी दिली गेली. सरकारचे म्हणणे होते की, हे तर दुष्काळातले मदतकार्य, इथे पूर्ण वेतन कसले? १९८३ साली सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती भगवती यांनी निकाल दिला की, माणसाच्या लाचारीचा फायदा घेऊन किमान वेतनापेक्षा कमी देणे ही वेठबिगारीच आहे आणि घटनेचे कलम २३ ती चालू देत नाही. बंधूंनो, हे वाक्य दुष्काळाला लागू असेल तर महामारीलाही लागू आहे. माणूस जितका अडलेला, तितकी ही मर्यादा पाळायची गरज जास्त.

आणि ही मर्यादा काही फार उंच नाही. केंद्राने २०१९ साली सुचवलेले देशाचे तळाचे वेतन दिवसाला १७८ रुपये होते. त्याच वर्षी केंद्रानेच नेमलेल्या तज्ज्ञ समितीने डाळ-भाकरी, कपडा, भाडे, औषधपाणी यांचा हिशेब मांडून ३७५ रुपये सांगितले. रोजगार हमीचा रोज २०२१-२२ मध्ये २४८ होता. १७८ आणि ३७५ यांच्यामध्ये जे अंतर आहे, त्यात आमच्या पाड्यावरच्या पोरांचे दूध आणि पायातल्या चपला जातात.

तरी पण ऑर्डरच नसेल तर मालकाने काय करावे? २९ मार्च २०२० ला केंद्राने आदेश काढला की लॉकडाऊनमध्ये कामगारांना पूर्ण वेतन द्यावे. मोठ्या कंपनीला ते जमले असेल. चार माणसांच्या वर्कशॉपला कसे जमावे? मे महिन्यात तो आदेश मागे घेतला गेला आणि १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने मालक-कामगारांना आपसात बोलून तोडगा काढायला सांगितले. पण बोलणी बरोबरीच्या माणसांत होतात. ज्याच्या घरात आठ दिवसांचे पीठ आहे, तो काय बोलणी करणार? शेतकऱ्याचेही तसेच. सप्टेंबर २०२० मध्ये कांद्याची निर्यात एका दिवसात बंद झाली आणि भाव कोसळले. त्याने मजुराला वाढीव रोज कुठून द्यावा?

म्हणून मला असे वाटते. माणूस काम करतो त्या दिवसाचे वेतन मालकाने द्यावे आणि ते किमान वेतनापेक्षा कमी नसावे. जो धंदा त्याहून कमी देऊनच चालतो, तो मजुराच्या ताटातून चालतो. पण काम बंद पडलेल्या दिवसाचे ओझे एकट्या छोट्या मालकावर टाकू नये. ते सगळ्यांनी मिळून आधीच बाजूला काढलेल्या पैशातून यावे. व्यवसाय कर हा असाच पैसा आहे. राज्य विमा, म्हणजे ईएसआय, हाही असाच पैसा आहे.

ईएसआयची 'अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना' २०१८ पासून आहे. नोकरी गेलेल्या विमाधारकाला तिच्यातून नव्वद दिवसांपर्यंत पगाराचा पाव हिस्सा मिळायचा. महामारीत तो निम्मा केला आणि मुदत ३० जून २०२२ पर्यंत वाढवली. बारा हजार पगार होता, तर नव्वद दिवसांचे सुमारे अठरा हजार होतात. अर्ज मालकामार्फत करायची सक्ती राहिलेली नाही, तो थेट करता येतो. आपल्या मंडळीत किती जणांना हे माहीत होते?

पण इथेही एक भोक आहे. भिल्ल वस्तीवरचा एक तरुण इथल्या एका कारखान्यात कंत्राटदाराकडे होता. लॉकडाऊनमध्ये त्याला काढले. पगारपत्रकावर त्याचा विमा क्रमांक होता, तो काय असतो हेच त्याला माहीत नव्हते. आम्ही अर्जाचे पाहू लागलो, तेव्हा कळले की आधीची दोन वर्षे विम्याखालची नोकरी लागते. त्याची भरली होती चौदा महिने. त्याआधी तो दुसऱ्या कंत्राटदाराकडे होता, आणि तिथे विमाच नव्हता. काम तेच, यंत्र तेच, गेट तेच, पण कागदावर तो दोन वर्षांचा कामगार नव्हता. ज्याची नोकरी सर्वांत आधी जाते, त्यालाच भत्ता मिळत नाही. म्हणून सांगतो, कामगार ठेवताना त्याचा विमा पहिल्या दिवसापासून भरा. मालकाला यात फार मोठा खर्च नाही, आणि संकटाच्या दिवशी तुमचे ओझे तोच कागद उचलतो.

आपल्याच घरात

मी त्या दिवशी गप्प का बसलो, ते आता सांगतो.

डोंगराकडे आपले वसतिगृह आहे. तिथे दोन बायका स्वयंपाक करतात. दोघीही ठाकर समाजाच्या, एक विधवा. त्यांना महिन्याला सहा हजार रुपये देत होतो. मार्च २०२० मध्ये मुले घरी गेली. एप्रिलपर्यंत आपण पूर्ण पगार दिला. मग समितीत चर्चा झाली की, मुले नाहीत, चूल पेटत नाही, देणग्या आटल्या आहेत. मे ते डिसेंबर, आठ महिने त्यांना निम्मा पगार दिला. त्या ठरावाला मी हात वर केला होता.

त्याच काळात आपण किट वाटत होतो. एक किट साधारण नऊशे रुपयांचे. त्या दोघींनाही दोन-दोन किट दिले आणि फोटो काढले. त्यांतला एक फोटो आपल्या अंकात छापून आला आहे. दुसरे किट द्यायला मी स्वतः गेलो होतो. त्या बाईंनी पिशवी घेतली, उंबऱ्यात ठेवली आणि म्हणाल्या, "भाऊ, हे दान म्हणून देताय का माझ्या पगारातलं?"

त्या रागावल्या नव्हत्या. त्यांना खरेच माहीत करून घ्यायचे होते. मी म्हणालो, "मावशी, मंडळीनं प्रेमानं पाठवलंय." त्या म्हणाल्या, "मग मंडळीला सांगा, आभारी हाय. अन् पगाराचं काय, ते बी सांगा." इतके बोलून त्यांनी मला चहा केला.

घरी येऊन मी हिशेब मांडला. प्रत्येकीचे आपण २४,००० रुपये कापले आणि १,८०० रुपयांचे दान दिले. दुसराही हिशेब मांडला. सहा हजारांना सव्वीस दिवसांनी भागले तर साधारण २३१ रुपये येतात. म्हणजे पूर्ण पगार देत होतो तेव्हासुद्धा आपण रोजगार हमीपेक्षा सात रुपये कमी देत होतो. आदिवासींच्या कल्याणासाठी काढलेल्या संस्थेत हे चालले होते. आता बैठकीत उठून त्या वर्कशॉपवाल्या बंधूंना मी कोणत्या तोंडाने किमान वेतन शिकवणार होतो?

मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यावी, असे नियमशास्त्र सांगते. आपल्याकडे सूर्य मावळून वर्ष झाले.

तीन गोष्टी

आता मी आपल्याकडे तीन गोष्टी मागतो.

पहिली, त्या दोघींचे मिळून ४८,००० रुपये आपण देणे लागतो. समितीने मागच्या महिन्यात ते देण्याचे आणि पुढचा पगार रोजगार हमीच्या रोजापेक्षा कमी राहू न देण्याचे ठरवले आहे. पण नाताळचे दान आपण किटसाठी देता, म्हणून आपल्या संमतीशिवाय ते इकडे वळवणे बरोबर नाही. माझी विनंती आहे की, या नाताळच्या दानातून आधी हे देणे फिटावे, आणि मग उरेल त्यातून किट व्हावेत. किट थोडे कमी होतील. देणे राहून केलेले दान आपण पुष्कळ केले. एक वर्ष देणे फेडून पाहू.

दुसरी, जानेवारीपासून आम्ही पाड्यांवर 'नमुना चार' भरण्याची शिबिरे घेणार आहोत. त्यासाठी पैशापेक्षा माणसे हवीत. ज्यांना अर्ज लिहिता येतो, ज्यांनी सरकारी कचेरीत नोकरी केली आहे, जे निवृत्त शिक्षक आहेत, त्यांनी महिन्यातून एक शनिवार द्यावा. आपण ग्रामपंचायतीशी भांडायला जायचे नाही. ग्रामरोजगार सेवकालाही शंभर कामे असतात. आपण नीट भरलेला अर्ज द्यायचा आणि तारखेची पोच घेऊन यायचे. ती पोच बाईच्या हातात असणे म्हणजे तिच्या रिकाम्या दिवसाचा हिशेब कोणीतरी ठेवायला लागणे.

तिसरी, प्रत्येकाने आपापल्या घरी करायची आहे. आपल्याकडे धुणीभांडी करणारी बाई, सोसायटीचा वॉचमन, दुकानातला पोऱ्या, शेतावरचा गडी. लॉकडाऊनमध्ये "येऊ नका" असे आपण त्यांना सांगितले. पगार दिला का? मी कोणाला हात वर करायला सांगत नाही. आपला हिशेब आपल्याला माहीत असतो.

त्या पहिल्या बंधूंना मी शेवटी एवढेच म्हणतो, तुम्ही म्हणता ते खरे आहे. माणसाला कामच हवे. आमच्या बायकांनाही कामच हवे आहे, त्या पहाटे चार वाजता त्याच्यासाठी उठतात. कामाचा दाम पुरा द्या, आणि काम देता आले नाही त्या दिवशी, ते देता आले नाही याची जबाबदारी घ्या. याहून जास्त त्या काहीच मागत नाहीत.

आपण प्रार्थना करू. प्रभू, आमच्या हातून राहिलेले देणे आम्हांला दाखव, आणि ते फेडण्याची बुद्धी व शक्ती दे. आज बाजारात उभ्या असलेल्या प्रत्येकाला काम मिळू दे. ज्याला ते मिळाले नाही, त्याच्या घरची चूल आज संध्याकाळीही पेटू दे. आमेन.